ओळख वेगळी, अधिकार वेगळा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी जव्हारला एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स केला. वर्गात संगणक दहा आणि आम्ही विद्यार्थी वीस. त्यामुळे एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने बघायचे, असा क्रम असे. शेवटच्या आठवड्यात सरांनी नेटवर्कच्या सुरक्षिततेचा धडा घेतला आणि फळ्यावर भराभर शब्द लिहिले : आयडेंटिफिकेशन, ऑथेंटिकेशन, ऑथरायझेशन, ॲक्सेस कंट्रोल, फायरवॉल, एन्क्रिप्शन. प्रत्येकापुढे एकेका ओळीची व्याख्या. मी त्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेतल्या, पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या आणि विसरून गेले. ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन हे तर मला एकाच शब्दाचे दोन उच्चार वाटत होते.

दिवाळीनंतर आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि ती वही पुन्हा उघडावी लागली. तो प्रसंग पुढे येईलच. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पाड्यावर कोणाला मेसेज आला, फॉर्म आला, काहीही ‘ऑनलाइन’ आले की माणसे मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात, आणि मला हे कळत नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणून हे शब्द मला जसे समजले तसे येथे मांडते. संगणकशास्त्र शिकलेल्या वाचकांना हा लेख बाळबोध वाटेल. त्यांनी खुशाल पान उलटावे.

सुरुवात आमच्या वसतिगृहाच्या फाटकापासून करते. मुलींचे वसतिगृह असल्यामुळे फाटकावर नियम कडक आहेत. प्रवेशाच्या वेळी पालकांनी एक फॉर्म भरून द्यायचा असतो. मुलीला भेटायला आणि सुटीत घरी न्यायला कोण कोण येईल, त्यांची नावे, नाते आणि फोटो त्यात असतात. माझ्या वडिलांनी दोनच नावे दिली होती, स्वतःचे आणि काकांचे. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुटीला खोडाळ्याचे माझे मामा मला न्यायला आले. मामा दर आठवड्याला जव्हारच्या बाजाराला येतात; आमचा पहारेकरी त्यांच्याकडून तंबाखू मागून घेतो इतकी त्यांची ओळख. तरीही गृहपाल मॅडमनी मला सोडले नाही. त्या म्हणाल्या, “हे तुझे मामा आहेत याबद्दल मला शंका नाही. पण यांचे नाव यादीत नाही.” मामा रागावून फाटकाबाहेर बसून राहिले आणि शेवटी एकटेच परत गेले. दुसऱ्या दिवशी वडील आले. मामा ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगतात.

त्या वेळी मलाही मॅडमचा राग आला होता. आता वाटते, संपूर्ण धडा त्या फाटकावरच होता. “मी हिचा मामा,” असे मामांनी सांगितले, ते आयडेंटिफिकेशन. म्हणजे आपण कोण ते सांगणे. सांगणे फुकट असते, कोणीही काहीही सांगेल. ते खरे आहे की नाही हे ओळखपत्र पाहून, फोटो ताडून किंवा माहितगाराला विचारून ठरवणे, म्हणजे ऑथेंटिकेशन. आपण त्याला ओळख पटवणे म्हणू. ओळख पटल्यावर या माणसाला नेमके काय करण्याची मुभा आहे ते यादीत पाहणे, हे ऑथरायझेशन. म्हणजे अधिकार तपासणे. आणि शेवटी फाटकावरच्या वहीत नाव, वेळ, सही घेणे, याला त्या शास्त्रात अकाउंटिंग म्हणतात. पैशाच्या हिशेबाशी त्याचा संबंध नाही. कोण आले, कधी आले, काय करून गेले याची ती नोंद. संगणकातल्या अशा नोंदवहीला लॉग म्हणतात. हे सगळे मिळून जे फाटक तयार होते, ते ॲक्सेस कंट्रोल.

मामांची ओळख पटली होती, अधिकार नव्हता. आमच्या आजीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. पण त्याआधी ओळख पटवण्याच्या रीती पाहायला हव्यात.

रीती तीनच आहेत. एक, तुम्हाला काय ठाऊक आहे, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दोन, तुमच्याजवळ काय आहे, म्हणजे एटीएमचे कार्ड किंवा मोबाइलमधले सिम. तीन, तुम्ही स्वतः काय आहात, म्हणजे अंगठा, डोळ्यातील बुबुळ, चेहरा. पासवर्डची कल्पना तशी जुनी, सैन्याच्या छावणीत रात्री परवलीचा शब्द विचारत तीच. संगणकाला ती प्रथम लावली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, १९६१ च्या सुमारास. एकच मोठा संगणक अनेक जण वापरत, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांदो कोर्बातो यांच्या चमूने प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. मौज अशी की, १९६२ मध्येच तेथल्या एका संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादी त्याच संगणकाकडून छापून घेतली. त्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता. कुलूप आणि कुलूप उघडणारा यांच्यात वर्षाचेही अंतर नव्हते.

एका रीतीवर भरवसा नाही म्हणून दोन रीती एकत्र वापरतात. एटीएममध्ये कार्डही लागते आणि पिनही. मोबाइलवर येणारा ओटीपी हा त्यातलाच प्रकार आहे. ते आकडे तुमच्या हातात तुमचे सिम आहे याचा पुरावा असतात, आणि एकदाच चालतात. पाड्यावर मी हे असे सांगते : फोनवरचा माणूस ओटीपी मागतो तेव्हा तो आकडे मागत नाही, ‘तुमच्या जागी पाच मिनिटे मला उभे राहू द्या’ असे म्हणतो. बँकेच्या माणसाला तुमच्या जागी उभे राहण्याचे कारणच नाही. हे मात्र पटकन कळते.

तिसरी रीत आमच्या भागात सगळ्यांत जुनी. हुगळीकाठच्या बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला; पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. बोटांच्या ठशांचे शास्त्र जगभर पसरले त्यात आपल्या देशाचा असा मोठा हात आहे. पण आमच्याकडे अंगठ्याची आठवण वेगळी आहे. १९४५ साली वारल्यांचा लढा झाला त्यापूर्वी डहाणू-तलासरीच्या बाजूला लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस सावकाराकडे बायकोसह जन्मभर राबे. त्याला लग्नगडी म्हणत. वाचता न येणाऱ्याने कागदावर अंगठा उठवला, तर अंगठा त्याचाच आहे एवढेच सिद्ध होते. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक होते की नाही, हे त्यातून कळत नाही. ओळख पटणे आणि संमती असणे या दोन गोष्टीही लोक एकच धरतात, आणि त्यात नेहमी अंगठेवाल्याचेच नुकसान होते.

आजच्या अंगठ्याला आणखी एक अडचण आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. कार्ड हरवले तर बँक दुसरे देते. अंगठा बदलून मिळत नाही. शिवाय तो गुप्तही नाही. पाण्याच्या पेल्यावर, बसच्या दांडीवर, नोंदणी कार्यालयातल्या दस्तावर आपण तो ठेवून येतो. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांची रबरी नक्कल करून खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. गावात बँकेचा प्रतिनिधी छोटे यंत्र घेऊन येतो आणि आधार क्रमांक व अंगठा यांवर पैसे देतो, त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. मोखाड्याच्या बँकेत जाऊन दिवस घालवण्यापेक्षा हे फार सोयीचे, यात शंका नाही. परंतु घाईत कोणी दोनदा अंगठा लावायला सांगितले, तर दुसरा अंगठा कशासाठी ते विचारावे, आणि यंत्रातून निघालेली पावती मागून घ्यावी. आपले ठसे मोबाइलवरून कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आधारमध्ये आहे आणि हवे तेव्हा ते उघडताही येतात. आमच्या पाड्यावर तिचा उपयोग मी अजून कोणाकडून करवून घेऊ शकलेले नाही, कारण आधारला जोडलेला नंबर बहुतेकांच्या हातातल्या फोनचा नसतो; तो वीटभट्टीवर गेलेल्या मुलाच्या फोनचा असतो.

आता अधिकाराकडे वळते. ओळख पटली म्हणजे सगळी दारे उघडली असे नाही. कॉलेजच्या संगणकावर मी माझा निकाल पाहू शकते, गुण भरू शकत नाही. गुण भरणारे प्राध्यापक फी माफ करू शकत नाहीत. कोणत्या पदाला काय करता येईल हे आधी ठरवून ठेवतात. त्या पदाला रोल म्हणतात आणि त्या मुभेला परमिशन. सगळ्या परमिशन ज्याच्या हाती, तो ॲडमिन. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातला एक नियम आजही सर्वत्र शिकवतात : कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, रतीभरही जास्त नको. आमच्याकडे शेतावर गड्याला विळा देतात, कोठाराची किल्ली देत नाहीत, तेच हे.

हा नियम मोडल्यावर काय होते याची कथा जव्हारला फार दूर शोधावी लागत नाही. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने, जयबाने, येथल्या वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, अशी आख्यायिका आहे. नायकाने हसून होकार दिला. मग त्या माणसाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीने केवढी तरी जागा वेढली. खरेखोटे इतिहासकार जाणोत. लहानपणी ही गोष्ट ऐकताना सगळे जयबाच्या हुशारीला दाद देत. मी वारली आहे, मला नायकाची काळजी वाटत असे. त्याने ओळख पाहण्यात चूक केली नव्हती, अधिकाराची हद्द नीट बांधली नाही. आज मोबाइलवर झटपट कर्ज देणारी ॲप येतात. ती उघडताना फोनबुक, फोटो, मेसेज पाहण्याची परवानगी मागतात आणि आपण हसून होकार देतो. हप्ता थकला की त्याच फोनबुकातून नातेवाइकांना बदनामीचे मेसेज जातात. कर्ज देण्यासाठी फोटो पाहण्याची गरज काय, एवढा प्रश्न त्या क्षणी विचारला तर कातडे कातड्याएवढेच राहील.

फायरवॉल हा शब्द ऐकायला भारी, अर्थ सोपा. जंगलखात्याचा नाका आपण पाहिला आहे. लाकडाचा ट्रक आला की तो कोठून आला, कोठे चालला, सोबत वाहतुकीचा पास आहे का आणि ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का आहे का, हे बघून आडवा बांबू वर करतात. नेटवर्कमध्ये माहिती लहान लहान पुड्यांनी प्रवास करते. प्रत्येक पुडीवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि कोणत्या दाराने आत जायचे त्या दाराचा क्रमांक असतो. या दाराला पोर्ट म्हणतात. फायरवॉल नियमांची यादी समोर ठेवून पुडी सोडते किंवा अडवते. एन्क्रिप्शनचे काम त्याहून वेगळे. वाटेत कोणी पुडी फोडलीच तरी आतले वाचता येऊ नये, म्हणून मजकूर सांकेतिक करणे, एवढेच ते. नाका, पाकीट आणि ओळखपत्र या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ कमी होतो.

नाके कितीही असोत, होकार देणाराच खोटा निघाला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि भारतातून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. हे घडले कसे? एटीएममध्ये कार्ड घातले की, ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ असा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो आणि तेथून होकार किंवा नकार येतो. चोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरून मध्येच स्वतःचा तोतया बसवला. प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोचतच नव्हता. तोतया परस्पर ‘द्या’ म्हणत होता. आमच्या फाटकावर गृहपाल मॅडमच्या खुर्चीत दुसरेच कोणी येऊन बसावे आणि येईल त्याला आत सोडावे, तसे.

येथवरच्या सगळ्या गोष्टींत एक काळजी समान आहे : नको तो माणूस आत येऊ नये. माझ्या वहीतल्या सगळ्या व्याख्या याच काळजीच्या होत्या. हवा असलेला माणूस बाहेर राहिला तर काय, हे त्यात कोठेच नव्हते.

आता तो प्रसंग. आमचा पाडा जव्हार-मोखाडा रस्त्यापासून आत आहे. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की आईवडील भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरी आजी आणि अकरा वर्षांचा भाऊ. आमचे कार्ड अंत्योदयचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. धान्य देताना दुकानदार यंत्रावर कार्डाचा नंबर घालतो, कार्डातल्या एका माणसाने बोट ठेवायचे. यंत्र बोटावरच्या रेघा कोठे संपतात, कोठे फुटतात ते टिपते, सांकेतिक करून आधार क्रमांकासह दूरच्या संगणकाकडे पाठवते, आणि तेथून होय किंवा नाही एवढेच उत्तर येते. आमच्याकडे रेंज शाळेमागच्या टेकाडावरच, एका आंब्याखाली मिळते. म्हणून दुकानदार महिन्यातून दोन दिवस यंत्र घेऊन त्या आंब्याखाली बसतो आणि सगळा पाडा टेकाड चढतो.

नोव्हेंबरमध्ये आजी गेली. अंगठा जुळला नाही. दहाही बोटे झाली. कोणी म्हणाले बोटे पुसा, कोणी म्हणाले खोबरेल लावा. भावाचे बोट चालेना, कारण पाचव्या वर्षी त्याचे ठसे आधारमध्ये भरायचे राहून गेले होते. दुकानदार म्हणाला, “आजी, मशीन घेत नाही, पुढच्या महिन्यात बघू.” डिसेंबरमध्येही तेच. शेजाऱ्यांनी नागली दिली, तिच्यावर दिवस निघाले. भावाने आंब्याखालूनच मला फोन केला. मागे आजीचा आवाज येत होता, “हा आंगठा माजा नाय तं कोनाचा?”

त्या रात्री मी जुनी वही उघडली. आजीचे नाव कार्डावर होते, कार्ड खरे होते, कायद्याने दिलेला हक्क कोणी काढून घेतला नव्हता. म्हणजे अधिकार शाबूत होता. यंत्राच्या ‘नाही’चा अर्थ एवढाच होता की, हे बोट आणि बारा वर्षांपूर्वी घेतलेला ठसा यांचा मेळ मला लागत नाही. त्या ‘नाही’चे भाषांतर ‘हिला धान्य नाही’ असे झाले, ते दुकानातल्या माणसांकडून झाले. यंत्राने तसे म्हटलेच नव्हते.

मेळ का लागत नाही, यात गूढ काही नाही. आजीने साठ वर्षे आवणी केली, गवत कापले, भट्टीवर विटा थापल्या. चिखल, राख आणि विटेची माती यांनी बोटांवरच्या रेघा झिजतात. म्हातारपणी कातडी कोरडी पडून त्या आणखी पुसट होतात. आणि यंत्राला ठसा तंतोतंत कधीच जुळत नसतो. कितपत जुळला म्हणजे होकार द्यायचा, अशी एक मर्यादा माणसेच ठरवून देतात. मर्यादा सैल ठेवली तर परका माणूस आत येईल, घट्ट ठेवली तर घरचा माणूस बाहेर राहील. पहिल्याला चुकीचा स्वीकार म्हणतात, दुसऱ्याला चुकीचा नकार. एक कमी केला की दुसरा वाढतो, दोन्ही शून्य होत नाहीत. मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते की, सरकारी सेवांत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. ओळख न पटणे म्हणजे लाभ नाकारणे नव्हे, असाही त्यांचा खुलासा होता. खुलासा योग्यच आहे. फक्त तो आंब्याखाली पोचलेला नव्हता.

सॉल्टझर आणि श्रोडर यांच्या त्याच निबंधात आणखी एक नियम आहे : शंका आली तर दार बंद धरावे. बँकेच्या तिजोरीला हा नियम शोभतो. पण आमच्या वसतिगृहात रात्री आग लागली आणि वीज गेली, तर फाटक बंद राहावे असे कोणी म्हणेल का? यंत्र अडले तर दार कोणत्या बाजूला राहावे, हे आत काय आहे आणि बाहेर कोण उभे आहे त्यावरून ठरवावे लागते. तिजोरी चुकून उघडली तर नुकसान मोठे, चुकून बंद राहिली तर खातेदार दुसऱ्या दिवशी येईल. ३५ किलो तांदूळ-गव्हाचे उलटे आहे. एखाद्या चुकीच्या माणसाला ते गेले तर नुकसान ३५ किलोंचे. योग्य घराला मिळाले नाहीत तर त्या घरात महिनाभर चूल कशी पेटणार? आणि दार उघडे ठेवायचे म्हणजे बेहिशेब ठेवायचे असे मुळीच नाही. चौथा शब्द, नोंद, तो यासाठीच आहे. द्या, आणि कोणाला का दिले ते लिहून ठेवा. खोटे निघाले तर नंतर पकडा.

ही माझीच अक्कल असती तर दुकानदाराने ऐकली नसती. कॉलेजमधल्या एका सरांनी मदत केली आणि केंद्र सरकारच्या अन्न विभागाचे ऑक्टोबर २०१७ चे पत्र सापडले. त्यात राज्यांना स्पष्ट कळवले आहे की, रेंज नाही किंवा बोटांचे ठसे जुळत नाहीत एवढ्या कारणाने धान्य नाकारू नये. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पाहून धान्य द्यावे आणि अशा प्रत्येक वेळेची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. म्हणजे यंत्र अडले तर दार उघडे, आणि लॉग चालू. दिल्लीच्या कोणा अधिकाऱ्याने हे लिहिले तेव्हा त्याने सॉल्टझर-श्रोडर वाचले असतील की नाही कोण जाणे, पण आजीची बोटे त्याच्या डोळ्यांसमोर होती एवढे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही ओळख जुळली नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये हीच भूमिका आहे.

जानेवारीत वाटपाच्या दिवशी मी पत्राची झेरॉक्स घेऊन टेकाडावर गेले. दुकानदाराला मी खलनायक समजत नाही. यंत्र न वापरता धान्य दिले तर त्याचा साठा आणि हिशेब जुळत नाही, आणि वरून त्यालाच विचारणा होते. त्याने पत्र दोनदा वाचले, आंब्यापासून थोडे दूर जाऊन तालुक्याला फोन लावला, बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, “वही करावी लागेल.” भावाने दप्तरातून शंभर पानी वही काढून दिली. पहिल्या पानावर दुकानदाराने पट्टीने रेघा मारल्या : तारीख, कार्ड क्रमांक, नाव, कारण, धान्य, सही. कारणाच्या रकान्यात ‘ठसा जुळत नाही’ असे लिहिले. तराजूवर ३५ किलो भरले. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्तर किलोंचे विचारले, तेव्हा महिना संपला की त्या महिन्याचे धान्य संपते, असे उत्तर मिळाले. ते काही अजून मिळालेले नाही. अर्ज केला आहे.

राहिला शेवटचा रकाना. आजीला सही येत नाही. दुकानदाराने पिशवीतून शाईचे पॅड काढले, झाकण उघडून तिच्यापुढे धरले, आणि आजीने त्या वहीत आपला डावा अंगठा उठवला.